निळ्या सेजचे फार लाड करू नका : वाचकांचे बागेचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच झाडाबद्दल आहेत म्हणून म्हटलं हा अख्खा कॉलम त्यालाच देऊया. झाड म्हणजे ब्लू सेज, कोणी त्याला पिचर सेज म्हणतं कोणी अझुर सेज, शास्त्रीय नाव साल्विया अझुरिया. अमेरिकेतलं अस्सल देशी झाड. नेब्रास्का, कॅन्सस, मिसुरी, ओक्लाहोमा, टेक्सास हा त्याचा मुख्य पट्टा, आणि तिकडे पूर्वेला पार जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅरोलायनापर्यंत ते सापडतं. ३ ते ५ फूट सरळ वर जातं, मनात आलं तर त्याहूनही उंच, पानं बारीक लांबट, खोड आपल्या तुळशी-पुदिन्यासारखंच चौकोनी कारण कुटुंब तेच. आणि फुलं अशी आकाशी निळी की दुसऱ्या कुठल्या फुलात तो रंग मिळत नाही. साधारण गणपती झाले की फुलायला लागतं आणि दसऱ्याच्या पुढेपर्यंत चालू राहतं, म्हणजे ज्या वेळेला बाकीची बाग उन्हाने करपून गेलेली असते नेमकं तेव्हा.

प्रश्न : आम्ही फ्रिस्कोत (टेक्सास) राहतो. तीन वर्षांपूर्वी ब्लू सेजची रोपं लावली, गुलाबांच्या वाफ्यातच. वाढ खूप छान, सहा फूट झाली, पण दर सप्टेंबरला फुलं आली रे आली की सगळं झाड आडवं. काठ्या लावल्या, दोऱ्या बांधल्या, तरी तेच. दर वसंतात कंपोस्ट घालतो, गुलाबांना देतो ते खतही देतो, पाणी स्प्रिंकलरने एक दिवसाआड. काय कमी पडतंय?

ताई, कमी काहीच पडत नाहीये, जास्त होतंय. तुमच्या पत्रातलं एकेक वाक्य वाचताना मला उत्तर त्यातच दिसत होतं. गावाकडे गव्हाला युरिया जास्त झाला की तो कसा हिरवागार माजतो आणि एका वाऱ्यात लोळतो, हुबेहूब तेच इथे झालंय. हे प्रेअरीतलं झाड आहे, म्हणजे गवताळ माळावरचं, तिथे त्याला ना कोणी खत घालतं ना पाणी, उलट चारी बाजूंनी गवताची दाटी असते आणि त्या गर्दीतून ते वर येतं. अशा झाडाला गुलाबाचं जेवण दिलं की खोड भराभर लांब होतं पण आतून मऊ राहतं, आणि मग फुलांचा तुरा भरला, वर एक पाऊस पडला, की संपलं.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे खत पूर्ण बंद, कंपोस्टसुद्धा. दुसरी गोष्ट पाणी. तीन वर्षांचं झाड आहे तुमचं, त्याची मुळं आता कित्येक फूट खोल गेलेली आहेत, त्याला एक दिवसाआड वरवरचं पाणी नकोच आहे. जुलै-ऑगस्टमधे अगदीच होरपळलं तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा सावकाश खोल पाणी द्या, बाकी काही नाही. पण गुलाबाला तर पाणी लागतं आणि दोघं एकाच वाफ्यात, एकाच स्प्रिंकलरवर, हा खरा घोळ आहे, त्यामुळे दोघांपैकी एकाची जागा बदलावी लागणार. आणि बदलायची झाली तर गुलाब हलवा, सेज नको, का ते खाली दुसऱ्या एका उत्तरात सांगितलंय.

डॅलसच्या बाजूची काळी चिकट माती बघून लोक घाबरतात आणि त्यात पोतीच्या पोती कंपोस्ट मिसळतात. या झाडासाठी तरी ते करू नका. ती ब्लॅकलँड प्रेअरीची माती म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्याच वर्गातली, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दोन्हीला मृदाशास्त्रात व्हर्टिसोलच म्हणतात. या मातीतला एक प्रकार, ह्युस्टन ब्लॅक, तर टेक्सासची प्रातिनिधिक माती म्हणून ओळखला जातो. ब्लू सेज याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं आहे. फक्त पाणी साचून राहील असा खोलगट भाग टाळा.

तिसरी गोष्ट, आणि ही करायला बहुतेकांचा हात धजावत नाही, मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं झाड अर्ध्यावर कापायचं. शेंडा खुडणं नाही, कापणंच, चांगल्या धारदार कात्रीने. दोन-अडीच फूट झालं असेल तर सव्वा फुटावर आणा. पानांच्या जोडीच्या जरा वर काप घ्या, तिथूनच दोन्ही बाजूंना नवे फुटवे येतात, म्हणजे एका काडीच्या दोन होतात, झाड ठेंगणं आणि भरदार होतं, फुलं आठवडा-दोन आठवडे उशिरा येतात पण तुरे जास्त येतात. जुलैत गेल्यावर मात्र कात्री लावू नका, कारण मग तुम्ही कळ्याच कापणार.

आणि चौथी गोष्ट ऊन. तुम्ही लिहिलेलं नाही पण बघा, कुंपणाच्या किंवा घराच्या सावलीत वाफा असेल तर वरचं सगळं करूनही झाड उजेडाकडे झुकणारच. दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन पाहिजे, त्याहून जास्त तेवढं चांगलं.

काठ्या आणि दोऱ्या सोडून द्या. त्यापेक्षा शेजारी गवत लावा. लिटल ब्लूस्टेम किंवा साइडओट्स ग्रामा, दोन्ही इथली देशी गवतं, दोन-तीन फुटाची, झुपक्याने वाढणारी, सेजच्या दोन्ही-तिन्ही बाजूंना दीड-दोन फुटांवर लावली की त्यांच्या आधाराने ते उभं राहतं. माळावर त्याला आधार असतो तो गवताचाच. शिवाय ऑक्टोबरमधे लिटल ब्लूस्टेम तांबूस व्हायला लागतं आणि त्यातून ते निळे तुरे वर आलेले, जोडीला गोल्डनरॉडचा पिवळा, हे एकदा बघितलंत की काठ्या लावल्याचं वाईट वाटेल.

प्रश्न : ओव्हरलँड पार्क, कॅन्सस. देशी झाडांच्या विक्रीतून ब्लू सेजच्या बिया आणल्या. एप्रिलमधे घरात ट्रेमधे अर्धा इंच खोल पेरल्या. जेमतेम दोन-तीन उगवल्या. बी जुनं असेल का?

बी जुनं असूही शकेल पण माझा संशय खोलीवर जास्त आहे. बी बारीक असतं, त्याला अर्धा इंच माती म्हणजे फार झाली. मातीवर पसरून हाताने नुसतं दाबायचं आणि वर दिसेल न दिसेल एवढीच माती भुरभुरायची.

त्याहूनही सोपं म्हणजे घरात पेरूच नका. तुमच्या कॅन्ससच्या थंडीचा उपयोग करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत दुधाचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, मधोमध आडवा कापायचा पण एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा, तळाला भोकं पाडायची, तीन-चार इंच ओली माती, वर बी, मग टेप लावून बंद, झाकण मात्र काढून टाकायचं म्हणजे पाऊस-बर्फ आत जातो. आणि हे सगळं बाहेर थंडीत ठेवून विसरायचं. माळावर बी असंच पडतं, हिवाळाभर ओल्या थंडीत राहतं आणि ऊब आली की उठतं. एप्रिलमधे कोंब दिसायला लागले की दुपारी कॅन उघडा ठेवा, पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की वेगळी करा.

पहिल्या वर्षी फारशी फुलं दिसली नाहीत तर निराश होऊ नका. त्या वर्षी झाड वर कमी आणि खाली जास्त वाढतं. दुसऱ्या वर्षी बरं, तिसऱ्या वर्षी खरं. पहिल्या उन्हाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा पाणी द्याच, मी वर फ्रिस्कोच्या ताईंना पाणी बंद करा म्हटलं ते जुन्या झाडासाठी, नव्या रोपाला तो नियम लावू नका.

आणि तुम्ही कॅन्ससमधे आहात तर सप्टेंबरात एक शनिवार काढून फ्लिंट हिल्समधल्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला जा. १९९६ साली स्थापन झालेलं हे राखीव क्षेत्र, उत्तर अमेरिकेत एके काळी कोट्यवधी एकरांवर असलेल्या उंच गवताच्या माळापैकी जे चार टक्क्यांहूनही कमी उरलंय त्यातला मोठा भाग त्या टेकड्यांमधे आहे. हे झाड कोणत्या गवतात, किती दाटीत, कशा उतारावर उभं राहतं ते तिथे डोळ्यांनी बघितलं की परसात कुठे लावायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

प्रश्न : ह्युस्टनमधे मोठ्या दुकानातून ‘ब्लू सेज’ म्हणून आणलेलं झाड एप्रिलपासूनच फुलतंय, रंग गडद निळा, आणि आता दोन वर्षांत जमिनीखालून पसरत लॉनमधे शिरलंय. हेच का ते देशी?

नाही हो, हे ते नाही. वर्णनावरून हे साल्विया ग्वारानिटिका दिसतंय, त्यातही बहुतेक ‘ब्लॅक अँड ब्लू’. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील-पराग्वे-अर्जेंटिना बाजूचं. झाड सुंदर आहे, हमिंगबर्ड त्यावर जीव टाकतात, पण देशी नाही आणि ते जमिनीखालून धावतं. फुलाच्या मागची वाटी काळपट आहे का बघा, आणि पान रुंद आहे का. दोन्हीला हो असेल तर तेच.

हा घोळ फार होतो कारण ‘ब्लू सेज’ नावाखाली दुकानात काय वाटेल ते विकतात. मीली ब्लू सेज, म्हणजे साल्विया फॅरिनेशिया, हे टेक्सासचंच देशी, पण उंचीला दोन-तीन फूट, रंग जांभळ्याकडे झुकणारा, फुलाच्या वाटीवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव, आणि वसंतापासून थंडीपर्यंत फुलत राहतं. (पुण्या-नाशकाच्या नर्सरीत थंडीत निळा साल्विया म्हणून छोट्या कुंड्या मिळतात ना, त्या याच्याच जाती.) रशियन सेज हे तिसरंच, काड्या पांढुरक्या, पानं करवतीसारखी कातरलेली, ते अफगाणिस्तान-पाकिस्तान आणि मध्य आशियातलं, २०१७ मधे शास्त्रज्ञांनी त्यालाही साल्वियात घेतलं त्यामुळे गोंधळात आणखी भर.

आपलं साल्विया अझुरिया ओळखायचं तर पान अरुंद आणि लांब, रंग स्वच्छ आकाशी, खालच्या ओठावर पांढऱ्या खुणा, आणि मुख्य म्हणजे उन्हाळा सरेपर्यंत ते फुलतच नाही. एप्रिल-मेमधे दुकानात फुललेलं दिसलं तर ते हे नसणार. म्हणूनच मोठ्या दुकानांत ते सहसा मिळत नाही, वसंतात ते नुसत्या हिरव्या काड्यांची कुंडी असतं आणि फुलाशिवाय झाड कोण उचलणार. देशी झाडांच्या संस्था वसंतात आणि ऑक्टोबरात विक्री ठेवतात तिथे जा, टेक्सासमधे नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या गावोगावच्या शाखा आहेत. लेबलवर शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका एवढं माझं ऐका.

प्रश्न : एडमंड, ओक्लाहोमा. आमच्याकडे हरणं आणि ससे दोन्ही. वाचेल का?

हरणं सहसा तोंड लावत नाहीत, पानाला वास असतो. ससे मात्र वसंतातले कोवळे कोंब कुरतडतात, तेव्हा पहिली दोन वर्षं जाळीचं एक फूटभर उंचीचं कडं घाला, पुढे गरज नाही.

प्रश्न : प्लेनोत राहते. मुलगा चार वर्षांचा आहे. शेजारणीकडे हे झाड आहे आणि त्यावर इतके मोठमोठे भुंगे असतात की मला लावायची भीती वाटते. चावतील का?

तुमची काळजी मला कळते, पण ते बहुतेक बंबलबी, म्हणजे मोठ्या केसाळ माश्या, आहेत, आणि फुलावर काम करत असलेली बंबलबी कोणाच्या वाटेला जात नाही. हातात धरली, पायाखाली आली, किंवा तिच्या घरट्याशी कोणी गेलं तरच डंख मारते. ऑक्टोबरमधे सकाळी लवकर बाहेर गेलात तर कित्येक बंबलबी तुऱ्यांना तशाच चिकटून झोपलेल्या दिसतील, अंगावर दव, थंडीने हलता येत नाही. त्यातले बरेचसे नर असतात, त्यांना रात्री परतायला घरटं नसतं, आणि नराला नांगीच नसते. घरात कोणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे असं माहीत असेल तर दारापासून, खेळायच्या जागेपासून लांब लावा, नाहीतर बिनधास्त लावा.

आणि मुलाला दाखवा, चार वर्षं हे अगदी योग्य वय आहे. एक बारीक गवताची काडी घ्या, फुलाच्या गळ्यात हलकेच सरकवा आणि वरच्या ओठाकडे लक्ष ठेवा. आतमधे दोन पुंकेसर तरफेसारखे बसवलेले असतात. मधासाठी डोकं आत घातलं की तरफेचं खालचं टोक ढकललं जातं आणि वरचं टोक खाली येऊन परागाची पूड बरोबर माशीच्या पाठीवर टेकवतं. काडी बाहेर काढली की पुंकेसर परत वर. तीच माशी पुढच्या, जरा जुन्या फुलावर जाते तिथे स्त्रीकेसर आता खाली वाकलेला असतो आणि तो पाठीवरच्या त्याच जागेवरून पराग उचलतो. एवढंसं फूल आणि त्यात हे यंत्र! मुलं काडी घेऊन फुलामागून फूल हेच करत बसतात.

तुमच्या भागातून मोनार्क फुलपाखरांचे थवेही ऑक्टोबरात मेक्सिकोकडे जातात. त्या वेळेला मध असलेलं फूल बागेत असणं ही फार मोठी मदत आहे, आणि त्या आठवड्यांत जी थोडी फुलं उरलेली असतात त्यात हे एक आहे.

प्रश्न : डॅलसजवळच्या एका सोसायटीत घर आहे. पुढच्या अंगणात ब्लू सेज, गवतं वगैरे लावलं तर एचओएचं (सोसायटीच्या घरमालक संघाचं) पत्र आलं की ‘तण काढून लॉन पूर्ववत करा’. काढावं लागेल का?

लगेच काही उपटू नका. टेक्सासमधे २०१३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.००७, त्यानुसार कमी पाण्यावर जगणारी बाग करायला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही. पण हेही त्याच कलमात आहे की ते तुमच्याकडून आधी आराखडा मागू शकतात, मंजुरी घ्यायला लावू शकतात, फक्त ती मंजुरी विनाकारण अडवता येत नाही. तुम्ही बहुतेक आराखडा न देता लावलंत, तेव्हा आता द्या. कागदावर वाफ्याची आकृती, प्रत्येक झाडाचं इंग्रजी आणि शास्त्रीय नाव, पूर्ण वाढीची उंची, ऑस्टिनच्या लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लावर सेंटरच्या साइटवरून प्रत्येक झाडाची माहिती छापून जोडा. पत्राला उत्तर मुदतीच्या आत आणि लेखी द्या, भांडणाचा सूर नको.

पण कायदा बाजूला ठेवून एक सांगू का, शेजाऱ्यांना ते तण वाटलं असेल तर त्यांच्या नजरेने एकदा बघा. उंच झाडं अगदी फुटपाथला टेकून असतील तर कोणालाही रान माजलंय असंच वाटतं. सेज आणि गवतं घराच्या बाजूला मागे न्या, पुढे बुटकी देशी फुलं, प्रेअरी व्हर्बिना, वाइनकप अशी, आणि सगळ्यात पुढे दगडाची किंवा विटांची स्वच्छ कड. एक-एक रोप विखुरण्याऐवजी तीन-पाचचे गट करा. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनची ‘सर्टिफाइड वाइल्डलाइफ हॅबिटॅट’ ही पाटी मिळते ती लावा. कड आणि पाटी दिसली की लोकांना कळतं की हे मुद्दाम केलेलं आहे, कोणीतरी याची काळजी घेतंय. जूनमधली कापणी तर तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाची, तीन फुटांचं भरदार झाड आणि सहा फुटांचं लोळलेलं झाड यात एचओएच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रश्न : सेंट लुईस. घर विकतोय, नव्या घरी झाड न्यायचंय. खणून काढू का?

जुनं असेल तर नका काढू. मूळ सोट्यासारखं खोल जातं, तुम्ही कितीही मोठा खड्डा खणलात तरी अर्धं मूळ खालीच राहणार, आणि वरचं जगलंच तर पुढची दोन वर्षं कुढत राहील. (म्हणूनच वर गुलाब हलवा म्हटलं.) नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात माळावर माणूस उभा राहील एवढे चर खणून प्रेअरीतल्या झाडांची मुळं अक्षरशः इंच न इंच कागदावर काढली, ती चित्रं बघितली की कळतं, जमिनीवर दिसतं त्यापेक्षा जास्त झाड खालीच आहे.

त्यापेक्षा मे-जूनमधे ज्या काड्या तुम्ही कापणारच आहात त्यांचीच कलमं करा. शेंड्याकडचे चार इंच, पेराच्या जरा खाली काप, खालची पानं काढून टाका, कोकोपीट आणि परलाइटच्या ओल्या मिश्रणात खोचा, सावलीत ठेवा, वरून प्लास्टिकची पिशवी. तीन-चार आठवड्यांत हलकेच ओढून बघा, ओढ लागली की मूळ सुटलं. घर त्याआधी विकलं जाणार असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे वाळलेल्या वाट्यांमधून बी गोळा करून ठेवा. एकेका वाटीत जास्तीत जास्त चारच बिया असतात आणि पिकल्या की पटकन गळतात, तेव्हा तुऱ्याखाली कागदाची पिशवी धरून झटका. आणि नव्या मालकाला सांगून जा की हे काय आहे, नाहीतर पहिल्याच वसंतात तण म्हणून जाईल.

प्रश्न : याच्या पानांचा चहा किंवा स्वयंपाकात उपयोग?

नको. स्वयंपाकातला सेज वेगळा, साल्विया ऑफिसिनॅलिस, तो भूमध्य समुद्राकडचा. कुंडीत छान येतो, तो लावा. निळा सेज माश्यांसाठी राहू द्या.

प्रश्न : फ्रिमाँट, कॅलिफोर्निया. टेक्सासच्या बहिणीकडे ब्लू सेज बघून प्रेमात पडले. इथे लावू का?

लावलात तर जगेल कदाचित, पण तुमच्या अंगणासाठी तुमचं स्वतःचं निळं सेज असताना तिकडचं कशाला? क्लीव्हलँड सेज, साल्विया क्लीव्हलँडी, सॅन डिएगोच्या आणि खाली बाहा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या टेकड्यांवरचं, ३ ते ५ फूट, निळं-जांभळं, आणि सुगंध असा की दुपारी उन्हात नुसतं जवळून गेलं तरी कपड्यांना येतो. फुलं वसंताच्या शेवटापासून उन्हाळ्यात. अगदीच तुमच्या बे एरियातलं हवं तर ब्लॅक सेज, साल्विया मेलिफेरा, माउंट डायब्लोवर आपसूक उगवतं, त्याची फुलं मात्र फिकट, पांढुरकी निळी.

पण लक्षात घ्या, तुमचं ऋतुचक्र टेक्सासच्या उलट आहे. तुमच्याकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आणि ही झाडं उन्हाळ्यात जवळजवळ झोपतात. पानं वळलेली, मलूल दिसली की आपला जीव राहत नाही, आपण पाइप घेऊन धावतो, आणि गरम जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, आठवड्याभरात अख्खं झाड जातं. कॅलिफोर्नियात मरणारी सेज बहुतेक अशीच मरतात. लावायची वेळ ऑक्टोबर ते डिसेंबर, पहिला पाऊस झाला की. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोल पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यापासून महिन्यातून एकदा किंवा अजिबात नाही. ठिबकच्या लाइनवर मोगरा-कढीपत्त्याबरोबर जोडू नका. फुलं संपल्यावर एक तृतीयांश छाटा, पण जिथे पान नाही अशा जुन्या लाकडात कात्री नको, तिथून परत फुटत नाही.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडची थंडी सोसेल?

थंडी सोसेल, हिवाळ्यातली ओली माती सोसणार नाही, म्हणून लावायचंच तर उंचवट्यावर. पण तुमच्याकडे ते देशी नाही. तुमचं देशी साल्विया म्हणजे लायरलीफ सेज, साल्विया लायराटा, जमिनीलगत पानं आणि फूट-दोन फुटांची काडी, फिकट निळी फुलं वसंतात. उंच आणि गडद निळं हवं असेल तर ग्रेट ब्लू लोबेलिया किंवा ब्लू व्हर्वेन लावा, दोन्ही ओल्या जमिनीत खूश, ज्या कोपऱ्यात तुमच्याकडे पाणी साचतं तिथेच लावा. लोबेलिया ऑगस्ट-सप्टेंबरमधे फुलतं आणि बंबलबी त्यात अर्धी आत शिरून पाय बाहेर ठेवून मध पितात.

प्रश्न : हिवाळ्यात झाड वाळल्यावर लगेच कापायचं का? (प्रश्न तीन-चार जणांचा)

नाही. वाळक्या काड्या तशाच राहू द्या, बिया पक्षी खातात. फेब्रुवारीच्या शेवटी टेक्सासमधे, मार्चच्या शेवटी कॅन्सस-मिसुरीत, कापा आणि तेव्हाही जमिनीसपाट नाही, फूट-दीड फूट खुंट ठेवा. काही छोट्या एकट्या राहणाऱ्या देशी माश्या अशा काड्यांच्या आत अंडी घालतात. नवी पानं येऊन महिनाभरात ते खुंट झाकले जातात.

प्रश्न : मुलगी कॅन्ससला असते, तिने फोटो पाठवले. मला कोथरूडला आमच्या सोसायटीच्या बागेत हे लावायचंय. तिने येताना बॅगेत बी आणलं तर चालेल का?

काका, बॅगेतून बी आणू नका. भारतात बाहेरून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो आणि ते योग्यच आहे, बियांबरोबर काय काय येतं आपल्याला दिसत नाही. शिवाय हे झाड थंडी पडल्यावर जमिनीपर्यंत वाळून विश्रांती घेणारं, पुण्याला ती थंडी नाही आणि जून ते सप्टेंबर जो पाऊस आहे त्यात ते सुखी राहणार नाही.

पण तुमच्याजवळ याच कुटुंबातलं, उंच, निळ्या फुलांचं, सह्याद्रीतलं स्वतःचं झाड आहे, भारंगी. भाजी खाल्ली असेल तुम्ही, पावसाळ्यात बाजारात येते, कोवळी पानं उकडून पाणी पिळून टाकायचं आणि कांदा-डाळ घालून करायची. पण भाजी खाणाऱ्या किती जणांनी तिचं फूल नीट बघितलंय? चार पाकळ्या फिकट निळ्या आणि खालची एकच गडद, जवळजवळ जांभळी, आणि तिच्यातून लांब पुंकेसर कमान करून बाहेर आलेले. ऐन पावसात फुलते, काळे मोठे भुंगे सतत तिच्यावर. उंची तीन ते सहा फूट. पूर्वी तिला घाणेरीच्या (टणटणीच्या) कुटुंबात धरायचे, आता तुळशीच्या कुटुंबात धरतात, म्हणजे मुलीच्या अंगणातल्या सेजची ती नातलगच.

जंगलातून उपटून आणू नका, सह्याद्रीतली देशी रोपं ठेवणाऱ्या नर्सऱ्या पुण्याच्या आसपास आहेत, तिथे मागा. अर्धी सावली चालते, निचरा हवा. जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा, रोपांत दोन-अडीच फूट अंतर ठेवा. थंडीत गुडघ्यापर्यंत छाटा, उन्हाळ्यात ती मरगळलेली दिसली तरी काढून टाकू नका, पाऊस आला की बुंध्यातून नवे कोंब येतात. गच्चीत लावायची तर कुंडी किमान दीड फुटाची घ्या. आणि पहिल्या वर्षी भाजीसाठी पानं खुडू नका, दुसऱ्या पावसाळ्यापासून थोडी थोडी घ्या, शेंडे फुलासाठी राहू द्या.